कोणत्या मापाला कोणतं युनिट? रिस्पॉन्सिव्ह पानासाठी सीएसएसची मापं, पायरीपायरीने

रिस्पॉन्सिव्ह पान म्हणजे लहान-मोठ्या कुठल्याही स्क्रीनवर नीट बसणारं वेबपान. ते करायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी मीडिया क्वेरीकडे जातो, म्हणजे सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या, स्क्रीनच्या रुंदीनुसार वेगळे नियम लावणाऱ्या अटीकडे. फोनसाठी एक नियम, टॅबलेटसाठी दुसरा, मोठ्या स्क्रीनसाठी तिसरा, आणि पान मोडेल तिथे आणखी एक ठिगळ. माझं स्पष्ट मत आहे की पान मोडतं ते सहसा मीडिया क्वेरी कमी पडल्यामुळे नव्हे, तर युनिट चुकल्यामुळे. मापं नीट निवडली तर मीडिया क्वेरीची गरजच फार थोड्या ठिकाणी उरते.

युनिट निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हे माप कशावर अवलंबून असायला हवं? वाचकाने ठरवलेल्या अक्षराच्या आकारावर? त्याच एलिमेंटच्या, म्हणजे मथळा, परिच्छेद, बटण अशा पानावरच्या घटकाच्या अक्षरावर? भोवतीच्या चौकटीत उरलेल्या जागेवर? स्क्रीनवर? की कशावरच नाही? उत्तर मिळालं की युनिट आपोआप ठरतं. खाली एक साधं लेखाचं पान डोळ्यांसमोर ठेवू: वर मोठा मथळा, मधे मजकूर, बाजूला पट्टी, खाली कार्डांची रांग. त्यातलं एकेक माप याच प्रश्नाने ठरवत जाऊ.

सुरुवातीलाच एक सांगतो. या लेखात गुणधर्मांची आणि युनिटची नावं देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची, आणि आकडा व युनिट यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. जागा सुटली तर ब्राउझर ती ओळ अवैध ठरवतो आणि काही न बोलता सोडून देतो. शून्याला युनिट लागत नाही, पण कॅल्क किंवा क्लॅम्प या हिशेब करणाऱ्या फंक्शनांच्या कंसात लांबी म्हणून लिहिलेल्या शून्यालाही युनिट द्यावंच लागतं.

पायरी १ : पाया घाला

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा वेबवरची जवळपास सगळी पानं डेस्कटॉपसाठी बनलेली होती. ती अरुंद स्क्रीनवर मोडू नयेत म्हणून सफारी स्क्रीन ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून पान मांडायचा आणि मग ते आक्रसून दाखवायचा. बाकीच्या मोबाइल ब्राउझरांनीही तीच वाट धरली. आजही पानात व्ह्यूपोर्टचा (ज्या चौकटीत पान दिसतं तिचा) मेटा टॅग नसेल तर फोन असाच वागतो, आणि मग खालची कुठलीच पायरी उपयोगी पडत नाही. म्हणून हेडमध्ये व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग टाका आणि त्याच्या कंटेंटमध्ये एवढंच लिहा:

विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१

काही जण यात झूम बंद करणारा भागही जोडतात. तो कृपा करून जोडू नका. बारीक अक्षर वाचता न येणाऱ्या माणसाला झूमचा मोठा आधार असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्या एलिमेंटना बॉक्स-साइझिंग: बॉर्डर-बॉक्स द्या. एरवी १००% रुंदीच्या डब्याला पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) दिलं की ते रुंदीत जमा होतं आणि डबा चौकटीबाहेर जातो. बॉर्डर-बॉक्समध्ये पॅडिंग आणि बॉर्डर दिलेल्या रुंदीतच मोजली जातात.

आता पिक्सेल. सीएसएसचा पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे. आडवे १०८० ठिपके असलेल्या फोनचं डिव्हाइस पिक्सेल गुणोत्तर ३ असेल तर सीएसएसच्या हिशेबात तो ३६० पिक्सेल रुंद असतो, आणि सीएसएसचा एक पिक्सेल तिथे ३ गुणिले ३ म्हणजे ९ ठिपके व्यापतो. सीएसएसमध्ये १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल, ७२ पॉइंट आणि २.५४ सेंटिमीटर अशी पक्की सांगड आहे, पण स्क्रीनवर पट्टी लावून मोजलंत तर तो इंच खरा भरेलच असं नाही. त्यामुळे सेंटिमीटर, मिलिमीटर, पॉइंट ही युनिटं छपाईच्या स्टाइलशीटपुरती ठेवा. २१० बाय २९७ मिलिमीटरच्या ए४ कागदावर ती चोख काम करतात, स्क्रीनवर त्यांचं काही काम नाही.

पिक्सेल मात्र टाकाऊ नाही. बारीक बॉर्डर, सावली, फोकसची रेघ अशा गोष्टी अक्षर मोठं झालं म्हणून जाड व्हायला नकोत. आपल्या प्रश्नाचं उत्तर ‘कशावरच नाही’ असं येतं, तिथे पिक्सेल वापरा.

पायरी २ : मजकुराला रेम द्या

रेम म्हणजे मुळाशी असलेल्या एचटीएमएल एलिमेंटची फॉन्ट-साइज. बहुतेक ब्राउझरांत ती मुळात १६ पिक्सेल असते, पण वाचक ती बदलू शकतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘मध्यम’ म्हणजे १६, ‘मोठा’ म्हणजे २० आणि ‘खूप मोठा’ म्हणजे २४ पिक्सेल. एखाद्याने डोळ्यांच्या गरजेपोटी ‘खूप मोठा’ निवडलं आणि तुमच्या परिच्छेदाला फॉन्ट-साइज: १६ पिक्सेल असेल, तर अक्षर हलणार नाही. तुम्ही त्याची निवड पुसून टाकलेली असते. तिथेच १ रेम असेल तर अक्षर २४ पिक्सेलचं होईल.

‘लोक झूम करतात की, मग पिक्सेल चालतील,’ असा युक्तिवाद नेहमी होतो. झूम केल्यावर पिक्सेलही वाढतात हे खरं. पण झूम आणि फॉन्टची सेटिंग या दोन वेगळ्या सोयी आहेत. ज्याने फॉन्ट एकदाच सेट करून ठेवला आहे त्याला प्रत्येक साइटवर पुन्हा झूम करायला लावणं बरोबर नाही.

१६ ने भागण्याचा हिशेब दोन दिवसांत हाताला बसतो: १२ पिक्सेल म्हणजे ०.७५ रेम, १४ म्हणजे ०.८७५, १८ म्हणजे १.१२५, २० म्हणजे १.२५, २४ म्हणजे १.५, ३२ म्हणजे २, आणि ४८ म्हणजे ३ रेम. हा भागाकार टाळायला काही जण एचटीएमएलची फॉन्ट-साइज ६२.५% करतात, म्हणजे १ रेम बरोबर १० पिक्सेल होतो. टक्क्यांत लिहिलं असल्यामुळे वाचकाची निवड शाबूत राहते, हे चांगलं. तरी मी ही युक्ती सुचवणार नाही. बाहेरून आणलेले विजेट आणि कंपोनंट १ रेम म्हणजे १६ पिक्सेल धरून बनलेले असतात, ते सगळे आकसतात, आणि बॉडीला, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या सगळ्या भागाला, पुन्हा १.६ रेम द्यायचं लक्षात ठेवावं लागतं. एचटीएमएलवर थेट १० पिक्सेल लिहिणं तर पूर्ण चूक, कारण मग रेम वापरूनही वाचकाच्या सेटिंगला काही अर्थ उरत नाही. मुळाची फॉन्ट-साइज जशी आहे तशी सोडा, हेच उत्तम.

मग सगळंच रेममध्ये लिहायचं का? इथे थोडं थांबावं लागतं. परिच्छेदांमधली उभी मोकळी जागा अक्षराबरोबर वाढायला हवी, तिथे रेम किंवा ईएम योग्य. पण पानाच्या डाव्या-उजव्या कडेची जागा? समजा ती २ रेम आहे आणि वाचकाने अक्षर दुप्पट केलं. ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन्ही बाजू मिळून ६४ पिक्सेल जात होते, ते आता १२८ जातील. ज्याला मोठं अक्षर हवं आहे त्याच्याच ओळीतली जागा आपण हिरावून घेतो. म्हणून कडेची जागा मी पिक्सेलमध्ये किंवा स्क्रीनच्या रुंदीच्या प्रमाणात ठेवतो. एकाच पानावर एक मोकळी जागा रेममध्ये आणि दुसरी पिक्सेलमध्ये, यात विसंगती काही नाही. दोघींची कामं वेगळी आहेत.

फॉर्मच्या इनपुट खोक्यांची फॉन्ट-साइज १ रेमपेक्षा कमी करू नका. आयफोनवर सफारीत १६ पिक्सेलहून लहान अक्षराच्या खोक्यात बोट ठेवलं की पान आपोआप झूम होतं आणि मांडणी विस्कटल्यासारखी वाटते.

पायरी ३ : एकत्र वाढणाऱ्या गोष्टींना ईएम

ईएमचे दोन अर्थ आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. फॉन्ट-साइजमध्ये लिहिलेला ईएम पॅरेंटच्या, म्हणजे ज्याच्या आत तो एलिमेंट आहे त्याच्या, फॉन्ट-साइजवर मोजला जातो. पॅडिंग, मार्जिन (कडेबाहेरची मोकळी जागा), रुंदी अशा इतर गुणधर्मांत तो त्या एलिमेंटच्या स्वतःच्या फॉन्ट-साइजवर मोजला जातो.

दुसरा अर्थ फार कामाचा आहे. बटण घ्या:

फॉन्ट-साइज: १ रेम
पॅडिंग: ०.६ ईएम १.२ ईएम

१६ पिक्सेलच्या अक्षराला वर-खाली ९.६ आणि बाजूंना १९.२ पिक्सेल पॅडिंग मिळतं. मोठ्या बटणासाठी फक्त फॉन्ट-साइज १.२५ रेम करा, म्हणजे पॅडिंग आपोआप १२ आणि २४ पिक्सेल होईल. बटणातल्या आयकॉनला १ ईएम उंची-रुंदी दिली तर तोही अक्षरासोबत वाढतो. एक आकडा बदलला की सगळं बटण प्रमाणात राहतं. त्याची किमान उंची २.७५ रेम, म्हणजे ४४ पिक्सेल ठेवा. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही २०२३ ची आवृत्ती मधल्या पातळीवर स्पर्शाच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल मागते आणि सर्वोच्च पातळीवर ४४ बाय ४४. बोटाला ४४ च बरे.

पहिला अर्थ मात्र जपून वापरा. यादीच्या ओळींना फॉन्ट-साइज: ०.९ ईएम दिलं आणि यादीत यादी, तिच्यात आणखी एक यादी आली, तर अक्षर १४.४, मग १२.९६, मग ११.६६ पिक्सेल असं घसरत जातं. फॉन्ट-साइज रेममध्ये आणि भोवतीची जागा ईएममध्ये, ही विभागणी पाळली की ही घसरण होत नाही.

लाइन-हाइटला, म्हणजे ओळीच्या उंचीला, युनिटच देऊ नका. बॉडीला लाइन-हाइट: १.५ ईएम लिहिलं तर १६ पिक्सेलवर त्याचे २४ पिक्सेल होतात, आणि वारशाने खाली जातात ते हे तयार २४ पिक्सेल. मग ४० पिक्सेलच्या मथळ्यालाही २४ पिक्सेलचीच ओळ मिळते आणि दोन ओळी एकमेकींवर चढतात. नुसतं १.५ लिहिलं तर वारशाने गुणक जातो आणि मथळ्याला ६० पिक्सेलची ओळ मिळते. देवनागरी मजकुराला १.५ ही कधीकधी कमी पडतं, कारण वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. परिच्छेदाला १.६ ते १.८ आणि मथळ्याला १.३ च्या खाली नाही, असं मी धरतो. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) तर देवनागरीला देऊच नये, शिरोरेषा तुटते.

पायरी ४ : रुंदी

रुंदीसाठी जुनं आणि अजूनही भरवशाचं युनिट म्हणजे टक्के. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही संज्ञा मांडली तेव्हा त्यांचा मुख्य हिशेब साधा होता: हव्या त्या रुंदीला भोवतीच्या चौकटीच्या रुंदीने भागा. ९६० च्या चौकटीत ३०० चा रकाना हवा, तर ३१.२५%. तो भागाकार आज आपल्यासाठी ग्रिड, म्हणजे सीएसएसची रकाने आणि ओळी आखण्याची सोय, करतं, पण टक्के कशाचे मोजले जातात हे ठाऊक असायलाच हवं.

रुंदीचे टक्के पॅरेंटच्या रुंदीवर मोजले जातात. उंचीचे पॅरेंटच्या उंचीवर, पण पॅरेंटला ठरावीक उंची नसेल तर टक्के निष्प्रभ होतात आणि उंची ऑटो राहते. ‘हाइट १००% दिली तरी काहीच होत नाही’ या तक्रारीमागे नेमकं हेच असतं. आणि बऱ्याच जणांना चकवणारी गोष्ट: वरचं-खालचं पॅडिंग आणि मार्जिन टक्क्यांत दिलं तरी ते पॅरेंटच्या रुंदीवरच मोजलं जातं. पूर्वी १६:९ च्या व्हिडिओची चौकट राखायला ५६.२५% पॅडिंग-टॉप देत, ते याच नियमाच्या जोरावर. आता त्यासाठी ॲस्पेक्ट-रेशो आहे, तोच वापरा.

पानाच्या मुख्य चौकटीसाठी मी ही ओळ वापरतो:

विड्थ: मिन(१००% - ३२ पिक्सेल, ७० रेम)
मार्जिन-इनलाइन: ऑटो

दोहोंतलं जे कमी ते लागू होतं. ३६० पिक्सेलच्या फोनवर ३२८ पिक्सेलची चौकट आणि दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल, तर मोठ्या स्क्रीनवर ती ११२० पिक्सेलला थांबते. एकही मीडिया क्वेरी लागली नाही. वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायला विसरू नका. अधिक आणि उणे यांना ती लागतेच.

या चौकटीच्या आत मजकुराची ओळ वेगळी आवरावी लागते, कारण ११२० पिक्सेल लांबीची ओळ वाचताना नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नीट पोहोचत नाही. रोमन लिपीसाठी मॅक्स-विड्थ: ६५ सीएच हा चांगला आकडा आहे. सीएच म्हणजे त्या फॉन्टमधल्या रोमन शून्याची रुंदी. बहुतेक फॉन्टमध्ये सरासरी रोमन अक्षर शून्यापेक्षा अरुंद असतं, त्यामुळे ६५ सीएचमध्ये ६५ हून जास्तच अक्षरं मावतात. देवनागरीत मात्र या शून्याचा अक्षरांच्या रुंदीशी फारसा संबंध नसतो, शिवाय फॉन्ट बदलला की ओळीची लांबीही बदलते. म्हणून मराठी मजकुराला मी सरळ मॅक्स-विड्थ: ३४ ईएमच्या आसपास देतो आणि ओळीत दहा-बारा शब्द बसतात का ते पाहतो.

चित्रांना मॅक्स-विड्थ: १००% आणि हाइट: ऑटो. एवढं पुरे.

पायरी ५ : मथळा, व्हीडब्ल्यू आणि क्लॅम्प

१ व्हीडब्ल्यू म्हणजे व्ह्यूपोर्टच्या रुंदीचा १%. ३६० च्या फोनवर ३.६ पिक्सेल, १४४० च्या स्क्रीनवर १४.४. मथळ्याला फॉन्ट-साइज: ५ व्हीडब्ल्यू द्यावंसं वाटतं, कारण तो खिडकीबरोबर सलग बदलतो. पण फोनवर तो १८ पिक्सेलचा होतो, म्हणजे मजकुराहून जेमतेम मोठा, आणि १४४० वर ७२ पिक्सेलचा.

याहून गंभीर अडचण झूमची. १२८० पिक्सेलच्या खिडकीत ५ व्हीडब्ल्यू म्हणजे ६४ पिक्सेल. वाचकाने २००% झूम केलं की ब्राउझरच्या लेखी खिडकी ६४० पिक्सेलची होते आणि ५ व्हीडब्ल्यू ३२ पिक्सेल. पिक्सेल दुप्पट मोठा, पण संख्या निम्मी. अक्षर जिथल्या तिथे. वाचक झूम करत राहतो आणि मथळा हलत नाही. म्हणून मजकुराला नुसतं व्हीडब्ल्यू कधीच देऊ नका.

उपाय क्लॅम्प. त्यात तीन किमती असतात: किमान, पसंतीची आणि कमाल. मधल्या किमतीत रेम आणि व्हीडब्ल्यू यांची बेरीज ठेवायची. आकडे अंदाजाने टाकण्यापेक्षा हिशेब करा. समजा ३२० पिक्सेलच्या स्क्रीनवर मथळा २८ पिक्सेलचा हवा आणि १२८० वर ५२ चा.

अक्षरातली वाढ ५२ वजा २८, म्हणजे २४. स्क्रीनमधली वाढ १२८० वजा ३२०, म्हणजे ९६०. २४ भागिले ९६० बरोबर ०.०२५. स्क्रीनच्या दर पिक्सेलमागे अक्षर एवढं वाढलं पाहिजे, म्हणजेच २.५ व्हीडब्ल्यू. आता ३२० वर २.५ व्हीडब्ल्यूचे ८ पिक्सेल होतात आणि हवेत २८, म्हणून वर २० पिक्सेल, अर्थात १.२५ रेम जोडायचे. ओळ तयार झाली:

फॉन्ट-साइज: क्लॅम्प(१.७५ रेम, १.२५ रेम + २.५ व्हीडब्ल्यू, ३.२५ रेम)

पडताळा घ्या: १२८० वर २० अधिक ३२ म्हणजे ५२, आणि मधे ७६८ वर ३९.२. मथळा कुठेही उडी न मारता वाढतो. रेमचा भाग असल्यामुळे वाचकाने फॉन्ट मोठा केला की मथळाही मोठा होतो. कमाल किंमत किमान किमतीच्या अडीच पटीच्या आत ठेवा. फरक त्याहून ताणला तर झूम करूनही अक्षर पुरेसं वाढत नाही, अशी वेळ येऊ शकते. इथे ती दुपटीहूनही कमी आहे.

हाच हिशेब विभागांमधल्या उभ्या मोकळ्या जागेलाही लावता येतो. परिच्छेदाच्या अक्षराला मात्र मी क्लॅम्प फारसा लावत नाही. १ ते १.१२५ रेममधला फरक इतका थोडा की त्यासाठी गुंतागुंत वाढवण्यात अर्थ नाही.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. विड्थ: १०० व्हीडब्ल्यू लिहिण्याचा मोह टाळा. ज्या डेस्कटॉपवर स्क्रोलबार जागा घेतो तिथे १०० व्हीडब्ल्यूमध्ये त्या पट्टीचीही रुंदी मोजली जाते, आणि पान तेवढंच आडवं सरकायला लागतं. पूर्ण रुंदी हवी असेल तर १००% लिहा, किंवा काहीच लिहू नका. ब्लॉक एलिमेंट मुळातच पूर्ण रुंदी घेतो.

पायरी ६ : उंची

१ व्हीएच म्हणजे व्ह्यूपोर्टच्या उंचीचा १%. स्क्रीनभर पसरणारा सुरुवातीचा भाग करायला १०० व्हीएच लिहितात, आणि फोनवर त्याच्या तळाचं बटण ॲड्रेस बारमुळे दिसेनासं होतं. कारण मोबाइल ब्राउझर व्हीएच मोजताना ॲड्रेस बार दडलेला आहे असं धरतात. २०२२ मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिघांतही यावर तीन युनिटं आली. एसव्हीएच म्हणजे बार दिसत असतानाची लहान उंची, एलव्हीएच म्हणजे बार दडल्यावरची मोठी, आणि डीव्हीएच म्हणजे त्या क्षणी जी असेल ती.

डीव्हीएच ऐकायला सर्वांत चांगलं वाटतं, म्हणून सगळे तेच वापरतात. पण पान सरकवताना बार दडला की डीव्हीएचची किंमत बदलते आणि खालचा मजकूर हलतो. वाचणाऱ्याला ते खटकतं. सरकणाऱ्या पानाच्या पहिल्या भागाला एसव्हीएच द्या. जो भाग स्वतः स्क्रीन व्यापून स्थिर राहतो, जसं पूर्ण स्क्रीनचा मेनू किंवा चॅटची खिडकी, त्याला डीव्हीएच.

मिन-हाइट: १०० व्हीएच
मिन-हाइट: १०० एसव्हीएच

दोन्ही ओळी याच क्रमाने लिहा. जुन्या ब्राउझरला दुसरी कळत नाही, तो पहिलीवर थांबतो. आणि हाइट नव्हे, मिन-हाइटच हवी. फोन आडवा धरला की उंची जेमतेम ३६० पिक्सेल उरते, आणि त्यात मोठं अक्षर असेल तर ठरावीक उंचीच्या डब्यातून मजकूर बाहेर सांडतो.

पायरी ७ : कार्डांची रांग

ग्रिडमधला एफआर हा उरलेल्या जागेचा वाटा आहे. गॅप (रकान्यांमधलं अंतर) आणि ठरावीक मापं वजा झाल्यावर जे उरतं ते एफआरच्या प्रमाणात वाटलं जातं, म्हणून टक्क्यांसारखा गॅपचा हिशेब आपल्याला करावा लागत नाही. कार्डांसाठी ही एक ओळ पुरते:

ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(मिन(१६ रेम, १००%), १ एफआर))
गॅप: १.५ रेम

अर्थ असा: प्रत्येक कार्ड किमान २५६ पिक्सेलचं, जितकी मावतील तितके रकाने, आणि उरलेली जागा सगळ्यांत समान. १००० पिक्सेलच्या चौकटीत तीन रकाने बसतात आणि प्रत्येक साधारण ३१७ पिक्सेलचा होतो. ६०० मध्ये दोन, २८८ चे. ३२८ मध्ये एकच. आतला मिन यासाठी की वाचकाने फॉन्ट २४ पिक्सेल केला तर १६ रेमचे ३८४ पिक्सेल होतात. फोनची चौकट ३२८ ची. मिन नसेल तर कार्ड बाहेर जाईल.

मजकूर आणि बाजूची पट्टी यांच्यासाठी १ एफआर १८ रेम असे दोन रकाने करताना १ एफआरऐवजी मिनमॅक्स(०, १ एफआर) लिहा. नुसता एफआर आतल्या सर्वांत लांब, न तुटणाऱ्या मजकुराहून लहान व्हायला तयार नसतो. एखादा लांब वेब-पत्ता आला की तो आख्खी मांडणी रुंद करतो.

पायरी ८ : कंटेनरची युनिटं

हेच कार्ड मुख्य भागात ५०० पिक्सेल रुंद असतं आणि बाजूच्या पट्टीत २५०. स्क्रीन तीच, त्यामुळे व्हीडब्ल्यू किंवा मीडिया क्वेरी यांना हा फरक दिसतच नाही. २०२२-२३ मध्ये सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आलेल्या कंटेनर क्वेरी याचसाठी आहेत. कार्डाभोवतीच्या डब्याला कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज द्या आणि आतल्या मथळ्याला:

फॉन्ट-साइज: क्लॅम्प(१.१२५ रेम, ०.८७५ रेम + १.५ सीक्यूआय, १.५ रेम)

१ सीक्यूआय म्हणजे त्या डब्याच्या रुंदीचा १%. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एलिमेंट स्वतःला मोजत नाही, वरच्या कंटेनरला मोजतो. वर कंटेनरच नसेल तर सीक्यूआय गपचूप व्ह्यूपोर्टवर मोजला जातो आणि चूक लवकर लक्षात येत नाही. दुसरं, कंटेनर केलेला डबा आतल्या मजकुरावरून आपली रुंदी ठरवू शकत नाही. तो फ्लेक्सच्या (डबे एका ओळीत लावण्याच्या सोयीच्या) ओळीत असेल आणि त्याला वाढायची मुभा नसेल, तर रुंदी शून्य होऊन तो नाहीसाच होतो. त्याला फ्लेक्स: १ किंवा स्पष्ट रुंदी द्या.

पायरी ९ : उरलेल्या मीडिया क्वेरी ईएममध्ये

बाजूची पट्टी केव्हा खाली जावी, मेनू केव्हा मिटावा, हे ठरवायला मीडिया क्वेरी लागतेच. तिथे ७६८ पिक्सेलऐवजी ४८ ईएम लिहा. मीडिया क्वेरीतला ईएम किंवा रेम तुमच्या एचटीएमएलवरच्या नियमाकडे पाहत नाही, थेट ब्राउझरच्या सेटिंगवर मोजला जातो. ज्याचा फॉन्ट २४ पिक्सेलचा आहे त्याच्यासाठी ४८ ईएम म्हणजे ११५२ पिक्सेल. १०२४ च्या खिडकीत त्याला दोन कोंबलेले रकाने दिसण्याऐवजी एकच मोकळा रकाना दिसतो, आणि त्याला हवं असतं तेच. सीमेचा आकडा फोनच्या मॉडेलवरून काढू नका. खिडकी हळूहळू अरुंद करा आणि मजकूर जिथे अडचणीत येतो तो आकडा घ्या. कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपण नाव देऊन ठेवलेल्या किमती, मीडिया क्वेरीच्या अटीत चालत नाहीत, तिथे आकडा प्रत्यक्षच लिहावा लागतो.

पायरी १० : तपासणी

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या (पान तपासायच्या साधनांमधल्या) फोनच्या यादीवर थांबू नका. खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करून पाहा. १२८० च्या खिडकीत ४००% झूम करा. हिशेब पुन्हा ३२० वरच येतो. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ ची अट हीच आहे की अशा वेळी मजकूर वाचायला आडवं सरकावं लागू नये. मग झूम १००% वर आणून ब्राउझरचा फॉन्ट ‘खूप मोठा’ करा. जो मजकूर वाढला नाही तिथे पिक्सेल दडलेला आहे. डेव्हलपर टूल्सच्या कंप्युटेड भागात प्रत्येक मापाचं पिक्सेलमधलं अंतिम उत्तर दिसतं; ते तुमच्या हिशेबाशी ताडून पाहा.

पान आडवं सरकत असेल आणि गुन्हेगार सापडत नसेल तर सगळ्या एलिमेंटना तात्पुरती १ पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. आउटलाइन जागा घेत नाही, त्यामुळे मांडणी बदलत नाही आणि चौकटीबाहेर गेलेला डबा लगेच दिसतो. ओव्हरफ्लो-एक्स: हिडन लावून तो झाकू नका, कारण बाहेर गेलेला मजकूर मग वाचताच येत नाही.

सगळी मापं पिक्सेलमध्ये असलेलं जुनं पान हाती असेल तर एका बैठकीत सगळं बदलायला जाऊ नका. आधी फॉन्ट-साइज रेममध्ये न्या आणि लाइन-हाइटचं युनिट काढा. मग ठरावीक उंच्या शोधून त्या मिन-हाइट करा, कारण अक्षर वाढायला लागलं की पहिल्यांदा फुटतात त्या याच. त्यानंतर ठरावीक रुंद्यांच्या जागी मॅक्स-विड्थ. मीडिया क्वेरींना सगळ्यांत शेवटी हात लावा. तोवर त्यांतल्या बऱ्याच निकामी झालेल्या असतात आणि सरळ काढून टाकता येतात.